कप्तानाची धून

९ फेब्रुवारी

ती. मावशी,

बातमी अशी, की आमच्या ऑर्केस्ट्रानं मे महिन्यात एक अख्खा सिनेमा वाजवायचा ठरवलाय. म्हणजे वर पडद्यावर सिनेमा चालणार, त्यातली माणसं बोलणार, आणि संगीत मात्र खाली बसून आम्ही प्रत्यक्ष वाजवणार. कुठला सिनेमा, ते मी सांगायला नको. तोच. तांबडं जहाज. ज्यासाठी तू मला शाळा बुडवून पुन्हा पुन्हा नेलंस आणि आईला सांगितलंस, दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. आई अजून म्हणते, एवढे दात दाखवून आणले, तरी पोराचे दात वाकडे ते वाकडेच.

काल त्याच्या संगीताचे कागद हातात पडले. लहानपणापासून हे संगीत डोक्यात घेऊन फिरतोय, पण आतून कधी उसवून पाहिलं नव्हतं. कप्तानाची धून आठवते ना? तो पितळी हॉर्न खालून एकदम वर उडी मारतो आणि वर जाऊन थांबतो, उंबऱ्यात उभं राहिल्यासारखा. कप्तान मरतो तिथेही तीच धून आहे, फक्त पायरी पायरीनं खाली उतरणारी. मुलगी जहाज हातात घेते तिथेही तीच, पण धावत. सगळ्या सिनेमाला कापड एकच आहे गं, बेतलंय वेगवेगळं. आणि अंतराळ आहे म्हणून या संगीतकार बुवानं चित्रविचित्र आवाजांची यंत्रं नाही आणली. जुनीच वाद्यं घेतली. डोळ्यांना सगळं परकं दाखवायचं, तर कानांना तरी घरचं काही द्यावं, असा त्याचा हिशेब असावा.

सोबत आमच्या तालमीची सीडी पाठवतोय. आई म्हणते, कानाच्या ऑपरेशननंतर तुला माणसांचं बोलणं बरंच कळायला लागलंय. मग आता गाणंही कळत असणार! एवढ्या वर्षांनी माझी मावशी गाणं ऐकणार, हे मी इथे भेटेल त्याला सांगत सुटलोय. ऐकून लगेच कळव.

तुझा,
भोंग्या


१८ फेब्रुवारी

भोंग्या,

तू लहानपणी रडायला लागलास की गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागायच्या, म्हणून तुझं नाव भोंग्या पडलं. त्याच भोंग्याचा आता व्हायोलावाला झालाय आणि लोक पैसे देऊन खिडक्या उघडतायत. देवाच्या मनात काय असेल ते सांगता येत नाही.

सीडी ऐकली. काय लिहू! हॉर्न सुरू झाला आणि अंगावर सर्रकन काटा आला. कप्तान वर जाऊन थांबला, तसा माझा श्वासही थांबला. मग व्हायोलिननी ती धून अलगद उचलली, आणि मागून बासरी आली तेव्हा डोळ्यांना पदर लावावा लागला. मुलीच्या धावत्या धुनेला तर मी कात्री हातात घेऊन ताल धरला. तुम्ही सगळे फार सुंदर वाजवता. तुम्हाला वाजवायला लावणाऱ्या तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांग.

कानामागचं यंत्र झकास चाललंय. काळजी नको. सध्या योगायोगानं दाताच्या डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या सोफ्यांना नवं कापड चढवतेय. त्यांना म्हटलं, तुमच्या नावावर मी पूर्वी बरेच सिनेमे पाहिलेत. ते गोंधळले.

मावशी


२५ फेब्रुवारी

ती. मावशी,

तुझं पत्र वाचून आधी खूश झालो. मग कपाटातून तालमीची सीडी काढली, तुझ्यासारखीच परत एकदा ऐकावी म्हणून. आणि डोक्याला हात लावला.

आमच्याकडे पद्धत अशी, की सगळे एकत्र बसण्याआधी एकेक गट वेगळ्या खोलीत आपापली तालीम करतो. मी दोन सीडी केल्या होत्या. एक सगळ्या ऑर्केस्ट्राची, ती तुझ्यासाठी. दुसरी नुसत्या आमच्या व्हायोलांची, ती माझ्या अभ्यासाला. घाईघाईत अदलाबदल झाली. तुझ्याकडे आहे ती व्हायोलांची.

मावशी, त्यात हॉर्न नाही. बासरी नाही. व्हायोलिन औषधालाही नाही. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, पोळी आणि भाजीच्या मधला घास: असतो, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. अख्ख्या सीडीत आम्ही नुसती मधली भर घालतोय, आणि मध्ये मध्ये आमचा गटप्रमुख कोणावर तरी खेकसतोय. धून म्हणून एक ओळ नाही त्यात.

मी तुला पकडलं म्हणून लिहीत नाहीये. रागावलोही नाहीये. फक्त खरं सांग. तुला काय ऐकू येतं?

भोंग्या


२२ मार्च

भोंग्या,

उत्तराला उशीर झाला. पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

खरं ऐक. माणसं बोलतात ते कळतं. बदकं बोलत असावीत असं वाटतं, पण कळतं. गाणं लावलं, की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कोणीतरी हलवतंय असं होतं. तुझी सीडी मी जेमतेम पाच मिनिटं सोसली. मग बंद केली, तुझं पत्र समोर ठेवलं आणि उत्तर लिहायला बसले. बाकीचं माझ्याजवळ होतंच. ते संगीत मी इतक्या वेळा ऐकलंय की डोळे मिटले की वाजतं. म्हटलं, पोरगं एवढं हौसेनं विचारतंय, त्याच्या आनंदावर पाणी कशाला ओतू?

मी त्या ऑपरेशनला हो का म्हटलं, माहीत आहे? गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकायला नव्हे. उलट बहिरेपणात तेवढं एक सुख होतं. मला ते संगीत परत हवं होतं. दुसरं काही नको होतं. डॉक्टर म्हणालेच होते, बोलणं येईल, संगीताचं सांगता येत नाही. ते मी ऐकलं आणि कानाआड केलं. त्यातही मी हुशारच.

यंत्र आता बटणांच्या डब्यात आहे. आईला सांगू नकोस. तिला वाटतं, मी तिचं बोलणं मुद्दाम टाळते.

मावशी


२९ मार्च

ती. मावशी,

इथल्या एका कानाच्या दवाखान्यात जाऊन आलो. तिथल्या बाई तुझ्यासारख्याच लोकांना पुन्हा ऐकायला शिकवतात. त्यांना सीडीचा किस्सा सांगितला तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, असं बरेच जण करतात. आणि म्हणाल्या, या यंत्राला गर्दी झेपत नाही. एक माणूस बोलला तर ठीक, साठ वाद्यं एकदम आली की त्याचा गोंधळ उडतो. एकच वाद्य, एकच ओळ, रोज थोडं थोडं, असं सुरू केलं तर काही जणांना सूर हळूहळू सापडतो. सगळ्यांना नाही. काही जणांना.

म्हणजे चूक माझी. पहिल्याच दिवशी तुझ्या घरात मी साठ पाहुणे घुसवणार होतो.

नवी सीडी पाठवतोय. यात मी एकटाच आहे. कप्तानाची धून, सावकाश, पुन्हा पुन्हा. त्यानंतर तीच धून आमच्या चेलोवालीनं वाजवलीय, म्हणजे दुसरा पाहुणा. मग आम्ही दोघं मिळून. या वेळी पाकिटात टाकण्याआधी लावून पाहिलीय.

यंत्र डब्यातून काढ. नाहीतर आईला दाताच्या डॉक्टरचं खरं काय ते सांगून टाकीन.

भोंग्या


२८ एप्रिल

भोंग्या,

धमकी पोचली. यंत्र काढलं.

रोज सकाळी कामाला हात घालायच्या आधी चहाचा कप आणि तुझी सीडी घेऊन बसते. पहिल्या आठवड्यात मांजर ऐकलं. दुसऱ्या आठवड्यातही मांजरच, पण एवढं कळायला लागलं की मांजर जिना चढतंय की उतरतंय. तिसऱ्या आठवड्यात तुमची चेलोवाली आली आणि मी चक्क म्हणाले, अगं बाई, हे दुसरं कोणीतरी आहे. तिचा आवाज जाड आहे, मला बरा मानवतो. तुझा जरा नाकातला आहे. राग मानू नकोस.

आणि परवा पडद्याला दुमड घालताना हात एकदम थांबला. मागे सीडी चालू होती. कप्तान! उडी मारून वर गेला आणि थांबला. तीच धून, भोंग्या. आवाज अजून पत्र्याचाच, पण धून ती. मी शिलाई मशीनवर पाय तसाच ठेवून बसून राहिले.

हे लिहून इथेच थांबावं, असं मनात होतं. पण पुन्हा खोटं नको. त्या दिवसापासून एकच शंका मला खातेय. ती धून मला पाठ आहे. पहिली उडी कानावर पडली की पुढचं सगळं डोक्यात आपोआप वाजायला लागतं. मग ऐकतंय कोण, कान की आठवण? फेब्रुवारीत तर सीडीत नव्हता तो हॉर्नही मी ऐकला होता, काटासुद्धा आला होता. पकडलंस ते बरं केलंस, पण तेव्हापासून माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. आठवणच ऐकायची असेल तर डोक्यात तार बसवून घ्यायची काय गरज होती? ती फुकटात होती.

म्हणून असं ठरवलंय. तुमच्या शेवटच्या तालमीला मी येते. सगळे समोर बसून वाजवाल तेव्हा काय ते कळेल. कळलं तर देव पावला. नाही कळलं तर यंत्र परत डब्यात, आणि तू पुन्हा गळ घालायची नाही. कबूल?

मावशी


४ मे

ती. मावशी,

कबूल.

सोळा तारखेला सकाळी तालीम, संध्याकाळी पहिला प्रयोग. तालमीला मागच्या दारानं ये, दारवानाला सांगून ठेवलंय. पाचव्या रांगेत मध्यावर बस, तिथून सगळी वाद्यं वेगवेगळी ऐकू येतात. तालीम संपली की दोघं जेवायला जाऊ. मी पलीकडच्या कोपऱ्यात असेन, हात करू नकोस, आमचे साहेब चिडतात.

भोंग्या


१७ मे

भोंग्या,

सुखरूप घरी पोचले. आईनं कळवलंच असेल. संध्याकाळच्या प्रयोगाला माझी खुर्ची रिकामी दिसली असेल, त्याबद्दल काय हव्या त्या शिव्या घाल. पण मला तिथे बसवेना.

सुरुवात छान झाली होती. तुम्ही सगळे साध्या कपड्यांत, कोणी खुर्चीखाली डबा ठेवतंय, कोणी जांभई देतंय. वाद्यं जुळवत होता तेव्हा खोलीभर मांजरं होती, पण मला ओळखीची वाटली. पडदा गुंडाळलेलाच होता, चित्र काही नव्हतं. साहेबांनी हात वर केला आणि हॉर्न सुरू झाला. खालून वर उडी. म्हटलं, आला माझा कप्तान!

आणि दुसऱ्याच क्षणी तो भलतीकडे वळला. वर थांबायचं सोडून घरंगळत खाली आला, मग गिरकी घेतली आणि पुन्हा वर चढायला लागला. तुम्ही थांबलात. परत घेतलंत. परत तसंच. पुन्हा पुन्हा घेतलंत, आणि दर वेळी तसंच वाकडं. अरे, ती धून मी झोपेतसुद्धा म्हणेन. ती मला वाकडी ऐकू येतेय, म्हणजे यंत्रच वाकडं. घरी जे सरळ ऐकू येत होतं ते कानांनी नव्हतंच, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

आणि कहर पुढेच. ते वाकडं मी गुणगुणत होते. आपला आवाज किती मोठा आहे, हे बहिऱ्या माणसाला कळत नाही. तुम्ही मध्येच थांबलात आणि मी चालूच. साहेब मागे वळून बघायला लागले आणि सगळे हसले. तूही हसलास. मी पाहिलं.

तुझ्यावर राग नाही. हसण्यासारखंच होतं ते. पण ठरलं ते ठरलं. यंत्र बटणांच्या डब्यात गेलंय. तू कबूल केलं होतंस.

मावशी


२० मे

ती. मावशी,

आधी डबा उघड. यंत्र कानाला लाव. मग पुढचं वाच.

लावलंस?

तू ऐकलीस ती कप्तानाची धून नव्हतीच.

त्या सिनेमात एक प्रसंग होता. कप्तान खुर्चीतच झोपलेला असतो, आणि ज्या मुलीला त्यानं दिवसभर फैलावर घेतलेलं असतं ती येऊन त्याच्या अंगावर पांघरूण घालते. बस, एवढंच. सिनेमा लांबतोय म्हणून प्रसंग कापून टाकला. चित्रपटगृहात तो कधी कोणी पाहिला नाही, तूही नाही आणि मीही नाही. संगीत मात्र लिहून झालं होतं. त्याचे कागद इतकी वर्षं कुठल्याशा कपाटात पडून होते, ते आमच्या साहेबांनी मिळवले आणि ठरवलं की मध्यंतरानंतर पडदा काळा ठेवून हे एवढं वाजवायचं. आमच्या हातात कागद त्याच आठवड्यात पडले. कोणालाच धड येत नव्हतं, म्हणून सकाळी पहिल्यांदा तेच काढलं आणि पुन्हा पुन्हा घेतलं. तुला सांगायचं राहून गेलं, हा माझा गाढवपणा.

पहिली उडी कप्तानाचीच आहे, तू बरोबर ओळखलीस. पण पुढे ती वर थांबत नाही. घरंगळत खाली येते, गिरकी घेते आणि पुन्हा चढायला लागते. तू पत्रात लिहिलंस, अगदी तस्सं. वाकडं काही नव्हतं. ती धून तशीच आहे.

आता हसण्याचं. आमचा हॉर्नवाला चढणीवर अडकला म्हणून साहेबांनी सगळ्यांना थांबवलं. सगळं शांत झालं, आणि पाचव्या रांगेतून एक बाई तीच ओळ एकटी पुढे नेतेय! साहेब वळले. हॉर्नवाला म्हणाला, “साहेब, त्यांना येतंय. माझ्या जागी त्यांनाच बसवा.” त्याला हसले सगळे. तुला कोण हसेल? मी हसलो, कारण नाहीतर व्हायोला मांडीवर टाकून रडलो असतो. मध्ये विश्रांती झाली तसा मी धावत खाली आलो, तर तू निघून गेलेली.

मावशी, तू विचारलं होतंस, ऐकतंय कोण, कान की आठवण. कप्तानाची धून तुझ्या आठवणीत आहे, तिचं मी काही सिद्ध करू शकत नाही. पण ही धून तुझ्या आठवणीत असणं शक्यच नाही. ती जगात जवळजवळ कोणाच्याच आठवणीत नाही. त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलीस, आणि थोड्या वेळात म्हणायला लागलीस. तिला तुझ्या डोक्यात शिरायला एकच दार होतं.

तुझा माझ्यावर भरवसा बसावा म्हणून हेही सांगतो: तू सगळं सुरात म्हटलं नाहीस. चढणीवरचा शेवटचा सूर तुझा जरा खाली लागला. पण गंमत बघ, हॉर्नवाल्याचाही तिथेच खाली लागत होता, दर वेळी. म्हणजे तू त्याची चूकसुद्धा ऐकलीस.

शनिवारी दुसरा प्रयोग आहे. पाचव्या रांगेतली खुर्ची तुझी आहे. आणि हो, मी कबूल केलं होतं ते मला मान्य आहे. “कळलं तर देव पावला,” हेही तूच म्हणाली होतीस.

भोंग्या


२३ मे

भोंग्या,

पत्र उभ्यानंच वाचायला घेतलं. “एकच दार होतं” इथे आले आणि कापडाच्या ढिगावर बसले. मग रडले. मनसोक्त रडले, आणि माझं रडणं मला ऐकू येत होतं. आवाज फार वाईट आहे. तू भोंगा कोणावर गेलास ते कळलं.

जीव भांड्यात पडला रे. तीन महिने मी स्वतःलाच चोर समजत होते. रोज सकाळी आनंद व्हायचा आणि रोज त्याची झडती घ्यायची. आता नाही घेणार. पत्र्याचं तर पत्र्याचं, ऐकतेय ती मीच.

शनिवारी येते. आईलाही आणते. दाताच्या डॉक्टरचं तिला मीच सांगितलं. म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं, तुम्ही दोघं घरी यायचात ते तोंडानं तुताऱ्या वाजवत. तुमच्या हॉर्नवाल्याला सांग, शेवटचा सूर नीट लाव, पाचव्या रांगेत लक्ष आहे.

एक राहिलं. आज सकाळी पलीकडच्या बाई पडदे न्यायला आल्या. मी मान खाली घालून शेवटचे टाके घालत होते. त्या बराच वेळ दारात थांबल्या आणि मग म्हणाल्या, “काय गोड गुणगुणताय हो! जुन्या सिनेमातलं ना?”

म्हटलं, “नाही हो. नवीन आहे. परवाच ऐकलं.”

मावशी